सुतळीची गाठ

गुरुवार, दिवेलागण

आज हरकती घ्यायचा शेवटचा दिवस होता. रस्तारुंदीकरणात आमच्याच गल्लीतलं कडुनिंबाचं झाड जायचंय. त्याची नोटीस मागच्या आठवड्यात मीच झाडाला बांधली, सुतळीने. झाडाला खिळा मारायचा नाही, हा आमच्या उद्यान विभागाचाच नियम. तोडायच्या झाडालासुद्धा नाही!

पाच वाजेपर्यंत एकच हरकत आली. अक्षर ओळखीचं. आईचं. ‘माननीय उद्यान निरीक्षक महोदया, हे झाड माझ्या मुलीने चौथीत असताना लावले आहे.’ महोदया मी. मुलगीही मीच.

‘हरकत अमान्य’चा मसुदा तयारच असतो, फक्त नाव भरायचं. साहेब म्हणाले, “घरचंच आहे ना मॅडम, समजावून सांगा. उद्या फाईल वर जायला हवी.” मी सही केली नाही, तर दुसरं कुणी करेल. झाड जाणारच. मग मीच का करू? आणि नाही केली, तर सोमवारी कुठल्या तोंडाने ऑफिसला जाऊ?

घरी आले तर आई मेथी निवडत बसलेली.

“मला सांगायचंस तरी,” मी म्हटलं.

“तू सांगितलंस? गाठ बघूनच ओळखलं मी. शाळेच्या बुटाची नाडी अशीच बांधायचीस, दोनदा गुंडाळून.”

मी तिच्यासमोर बसले, मेथीची एक जुडी पुढे ओढली.

“उत्तर काय द्यायचं ते दे,” ती मान वर न करताच म्हणाली. “ती सुतळी तेवढी सैल कर. सालीत रुतलीय.”