लांज्याला पाठवलं नाही

रत्नागिरी,
८ जानेवारी २०२४

ती. दादास,
विमलचा सप्रेम सलाम वि. वि.

नाताळात फोनवर मी माझं सांगत होते आणि तू वहिनीला विचारत होतास की पलीकडे कोण आहे. तेव्हा आपलं पत्रच बरं. कानाचं यंत्र कपाटात ठेवण्यासाठी घेतलेलं नाही, एवढं लक्षात ठेव.

गंगुबाई तुला आठवत असेल. मिरकरवाड्याहून मासळीची पाटी घेऊन दारावर यायची, तू आलास की मोठे बांगडे बाजूला ठेवायची. दिवाळीच्या आधी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अर्धीमुर्धी राहिली. नवरा कधीच वारला. एकुलती लेक श्रद्धा लांज्याला दिलेली, काजूच्या कारखान्यात जाते. तिच्या घरी एका खोलीत पाच माणसं. मी निवृत्त नर्स, घरात एकटी. गंगुबाईला माझ्याकडे आणलं. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं सगळं मीच करते. पाठीवर एक जखम होऊ दिलेली नाही.

नाताळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावून शाल दिली. मी नको म्हणत होते. तुझ्या कानावर घालावं म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

वहिनीला सलाम. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
विमल

---

मिरज,
१७ जानेवारी २०२४

चि. विमल हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे वाचून दाखवलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. निवृत्त पाळकाला हल्ली कोण विचारतं, पण त्या दिवशी चहाच्या वेळी सगळे माझ्याभोवती होते. परजातीच्या, परधर्माच्या बाईची अशी सेवा माझी बहीण करते, हे सांगताना ऊर भरून आला. ईस्टरनंतर इथल्या भगिनी मंडळात तू येऊन बोलावंस असं ठरतं आहे. मधूनमधून असंच सविस्तर लिहीत जा.

यंत्र लावतो. त्यातून फक्त तुझ्या वहिनीची भांडी ऐकू येतात.

तुझा,
भास्करदादा

---

रत्नागिरी,
४ मार्च २०२४

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

एक गोष्ट मनाला टोचते आहे, तुला विचारल्याशिवाय चैन पडणार नाही. काल श्रद्धा आली होती. नवऱ्याने पडवीला भिंत घालून आईसाठी जागा केली आहे. आता आईला नेते म्हणाली. गंगुबाईने ते ऐकलं आणि डाव्या हाताने लेकीचा पदर जो धरला तो सोडेना. लांज्याला, लांज्याला, एवढं तिला स्पष्ट म्हणता आलं.

मी श्रद्धाला सांगितलं की डॉक्टर नको म्हणतात, गाडीचे धक्के बसले तर दुसरा झटका येईल. दादा, डॉक्टर तसं म्हणालेले नाहीत. उलट, सावकाश न्यायला हरकत नाही, असं ते मागेच बोलले होते. पण त्या पडवीत हिचं कोण बघणार? श्रद्धा दिवसभर कामावर. माझ्याइतकी निगा तिथे व्हायची नाही हे तर खरं ना? श्रद्धा रडत परत गेली. मी चुकले का ते लिही.

लोभ असावा.

तुझी,
विमल

---

मिरज,
१३ मार्च २०२४

चि. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

मनाला लावून घेऊ नकोस. प्रभूने ती बाई तुझ्या हाती सोपवली आहे. हातातलं काम मध्येच टाकू नये. भगिनी मंडळाचा दिवस ठरला, १३ एप्रिल. गंगुबाईजवळ दोन दिवस कुणाला तरी बसव आणि ये. तिचा एखादा फोटो असेल तर आण, मोठा करून लावू.

तुझा,
भास्करदादा

---

रत्नागिरी,
२० जून २०२४

ती. दादास,
सलाम.

गंगुबाई अकरा तारखेला गेली. दुपारची वेळ होती, मी जवळच होते. श्रद्धा नव्हती. एप्रिलमध्ये ती एकदा येऊन गेली, मग हंगामात तिला सुटी मिळाली नाही. दर रविवारी फोन करून, आता नेऊ का, असं विचारायची. मी आधी म्हणायची, ऊन उतरू दे, मग म्हणाले, पाऊस संपू दे.

तुला न लिहिलेलं आता लिहिते. मिरजेला मी बोलले, लोकांनी हात हातात घेतले, मी भरल्या मनाने घरी आले. आल्यापासून गंगुबाई माझ्या हातून खाईना. तोंड भिंतीकडे करायची. एकदा मी चमचा तिच्या दातांवर दाबला. तुझ्यासाठी एवढं करते आणि तू माझ्याकडे बघत पण नाहीस, असं तिला बोलले. तिच्या ओठातून थोडं रक्त आलं. ते पुसताना मला पहिल्यांदा समजलं की मला ती बरी व्हायला नकोच होती, आणि तिच्या माणसांत जायला तर मुळीच नको होती. ती लांज्याला गेली असती तर मी पुन्हा कोण? चर्चमध्ये चौथ्या बाकावर बसणारी एकटी बाई.

श्रद्धा आली ती माझ्या पायांवर पडली. लेकीने करायचं ते तुम्ही केलंत म्हणाली. मी तिला उठवलं आणि चहा करून दिला. तिला खरं सांगायला लांज्याला जावं म्हणते.

विमल

---

मिरज,
२८ जून २०२४

चि. विमल हिस,
आशीर्वाद.

जाऊ नकोस. त्या मुलीला वाटतं आहे की आईचं शेवटी नीट झालं. तेवढं तिच्याकडून काढून घेऊन तुला काय मिळणार?

हे लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं. आता पुढचं लिहितो. हा सल्ला मी तिच्यासाठी देतो आहे की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही. मार्चमधलं तुझं पत्र मी आज पुन्हा वाचलं. तू सरळ विचारलं होतंस, खोटं बोलल्याचंही लिहिलं होतंस. मला ते तेव्हाही दिसलं होतं. पण कार्यक्रम ठरला होता, लोकांना सांगून झालं होतं. गंगुबाई लांज्याला गेली असती तर मी काय वाचून दाखवणार होतो? लोकांनी पाहावं म्हणून कर्णा वाजवून दान करणाऱ्यांवर मी चाळीस वर्षं प्रवचनं केली, आणि तुझ्या सेवेचा कर्णा मीच वाजवला. तू एकटी दोषी नाहीस.

काय करायचं ते तूच ठरव.

दादा

---

रत्नागिरी,
१५ जुलै २०२४

ती. दादास,
सलाम.

गेल्या रविवारी एस.टी.ने लांज्याला गेले. श्रद्धा घरी काजूगर सोलत बसली होती. डॉक्टर काय म्हणाले होते आणि मी काय सांगितलं, ते सगळं बोलले. चमच्याचंही. ती सोलायची थांबली नाही. शेवटी एवढंच विचारलं, की आई माझं नाव घ्यायची का. रोज घ्यायची, असं मी सांगितलं. ते खरं होतं.

मग ती म्हणाली, की मावशी, तुम्हाला आता हलकं वाटत असेल, पण मी हे कुठे नेऊन ठेवू? तुम्ही जा, आणि पुन्हा येऊ नका. आवाज चढवला नाही. पडवीतली ती भिंत मी येताना पाहिली. नुसत्या विटांची आहे, अजून गिलावा केलेला नाही.

तू म्हणत होतास तसंच झालं. तिचं समाधान मी काढून घेतलं. तरी गेले नसते तर तिचा तो नमस्कार मी जन्मभर मिरवला असता. दोन्हीतलं कुठलं कमी वाईट होतं ते मला अजून कळलेलं नाही. प्रार्थनेला बसते, शब्द येत नाहीत, तरी बसते.

हेही पत्र मंडळीत वाच असं आधी लिहिलं होतं, मग खोडलं. कबुलीचंही कौतुक होईल आणि मला ते आवडेल, एवढी मी स्वतःला आता ओळखते. तेव्हा कुणाला दाखवू नकोस.

पाळकसाहेबांनी दुसऱ्या एका आजारी माणसाचं विचारलं आहे. जाईन की नाही ते तुला कळवणार नाही, आणि गेले तर तिथे काय करते तेही नाही. यापुढे तब्येतीचं तेवढं लिहीन. माझ्यावर रागावू नकोस, आणि स्वतःवरही फार रागावू नकोस.

तुझी,
विमल