यंत्राला शब्द कळतात

३ मार्च १९५७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आईला सांग, जेवते. फक्त वेळेवर नाही.

आमचं गणकयंत्र म्हणजे खोलीभर कपाटं. त्याला काम सांगायचं तर हजारो आकडे लिहून कार्डांवर भोकं पाडायची. एक आकडा चुकला की आठवडे पाण्यात. म्हणून मी असा प्रोग्राम लिहिला, की आपण ‘बेरीज कर’, ‘पुन्हा कर’ असे साधे शब्द लिहावेत आणि त्यांचे आकडे यंत्रानेच करावेत. साहेब म्हणाले, यंत्राला गणित येतं, भाषा नाही. बायकांनी नसत्या उचापती करू नयेत. यंत्राची वेळही दिली नाही. मग दोन वर्षं सगळे जेवायला गेले की मी यंत्रावर बसले. जानेवारीत तो प्रोग्राम चालला.

आता त्याचा अहवाल छापलाय. नाव एकट्या साहेबांचं. मी गप्प बसणार नाही.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
हट्टी धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र आईला वाचून दाखवलं, साहेबांचा भाग गाळून. तुझ्या जेवणावरच तिने अर्धा तास घेतला.

माझं ऐकशील तर साहेबांशी वाकडं घेऊ नकोस. तिथून काढलं तर असं यंत्र दुसरीकडे कुठे मिळणार? काम तू केलंस हे तुला ठाऊक आहे, मला आहे. पंधरा वर्षं गणित शिकवतोय, मीही पुष्कळ गिळलंय.

उत्तर धाड, नाहीतर आईला तोंड देणं कठीण.

तुझा दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. आधीच सांगते.

काल पाहणीला समिती आली. साहेब छान बोलले. मग समितीतल्या म्हाताऱ्या इंजिनिअरांनी एका पुलाच्या तुळईचं गणित पुढे ठेवलं आणि म्हणाले, हे सोडवून दाखवा. साहेब चष्मा पुसत राहिले. मी उठले. म्हटलं, हा प्रोग्राम ज्याने लिहिलाय तोच दाखवील, आणि अहवालावर त्याचं नाव नाही. बारा ओळी लिहिल्या, कार्डं घातली. वीस मिनिटांत उत्तर आलं. इंजिनिअरांनी ते हाताने पडताळलं आणि मला नाव विचारून अहवालाच्या मुखपृष्ठावर स्वतः लिहिलं.

आज साहेबांनी उद्धटपणाबद्दल माझ्याकडे लेखी माफीनामा मागितला आहे. मी लेखी नकार दिला. काढलं तर काढू देत.

आईला यातलं हवं तेवढं सांग. माझ्यावरचा लोभ मात्र सगळा ठेव.

तुझी,
धाकटी

२४ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

समितीच्या सांगण्यावरून अहवाल तुझ्या नावाने पुन्हा छापला आणि रोज दोन तास यंत्र तुझ्या हवाली झालं, हे तुझ्या नंतरच्या पत्रातून कळलं. आईला यावेळी दोन्ही पत्रं अक्षरन् अक्षर वाचून दाखवली. ती म्हणाली, माफी मागितली असतीस तर तिने तुला घरात घेतलं नसतं. मी मान खाली घालून ऐकलं. चूक माझी होती.

सुटीत माझ्या वर्गातल्या सहा मुलींना घेऊन येतोय. त्यांना ती खोली पाहायची आहे. साहेबांची परवानगी मागत बसू नकोस. आम्ही येतोय एवढं कळव.

तुझा दादा