पेमानने लिहायला सांगितलेलं पत्र

प्रिय माहरुख,

पोरी, तू फोन नंबर बदललास आणि नवा मला द्यायला तुझी बहीण तयार नाही. तिचं बरोबरच आहे. शिराजचा पत्ता तेवढा दिला तिने, म्हणून हे लिहायला बसले. पेमान शेजारच्या मोरीत आहे. नळ दुरुस्त करतोय म्हणे. त्या नळाला काहीसुद्धा झालेलं नाही. मधूनच दारात येतो, "झालं का गं, आई?" विचारतो आणि मी काही बोलायच्या आत परत फिरतो. माझं अक्षर त्यामुळे असं वेडंवाकडं येतंय, समजून घे.

नवरोजच्या जरा आधी तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. अंगाने भरलाय. शाळेत शिकवायला पुन्हा कोण घेणार त्याला? पिस्ते निवडायच्या कारखान्यात लागलाय. गुरुवारी व्यसन सोडलेल्यांची बैठक असते, तिला न चुकता जातो. तरीही तो बाहेरून आला की चहा द्यायच्या निमित्ताने मी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघते, अफूने बारीक झाल्यात का ते. त्याला कळतं ते. चष्मा काढून उजेडाकडे तोंड करतो नि म्हणतो, "घे बाई, तपासून घे." आम्ही दोघंही हसतो. मग तो हात धुवायला जातो आणि मी ओढणी डोळ्यांना लावते. माझ्या नातीचे, तरानेचे, पुढचे दात आले का गं? हे विचारायचा मला हक्क आहे की नाही, कळत नाही.

परवा होशंग जेवायला आला होता. तुझा मोठा दीर कसा आहे, ठाऊकच आहे तुला. घास तोंडात असतानाच निकाल देतो. म्हणाला, "आई, आजार आजार काय लावलंयस? या घरात शेगडीशी बसलं नाही असं कोण आहे? बाबा गुडघ्यांसाठी रोज अफू ओढायचे. पाहुण्यांना जेवणानंतर चिलीम द्यायचीच, हा केरमानचा रिवाज. माझ्या लग्नात मीही ओढली. ओढली आणि उठलो. हा उठला नाही. उठायचं नव्हतं त्याला." पेमान समोरच होता. भाताच्या तळाची कुरकुरीत खरवड त्याने भावाच्या ताटात वाढली आणि म्हणाला, "दादा, उठायचं होतं. पाय कुणाचे होते तेच कळेना." होशंगने खरवड चावून खाल्ली, पण पटलं नाही त्याला.

केंद्रातली डॉक्टरीणबाई मात्र मला म्हणाली होती, "खानम, तुम्हाला जसा साखरेचा रोग, तसाच त्याला हा. मेंदूचा. साखरेची कुणाला लाज वाटते का?" किती बरं वाटलं होतं तेव्हा! घरी येईपर्यंत बसमध्ये मी सरळ ताठ बसले होते. पण नंतर विचार येत राहिले. साखरेपायी मी कधी कुणाशी खोटं बोलले नाही, असं मनाशी म्हणायला जावं, तर खजूर भरलेली बिस्किटं, ते कुलुंपे, मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून खाते, आणि चुरा ओढणीत लपवते. मग माझा तो रोग की माझी ती खोड? दोन्ही असेल. रोग मी मागितला नाही. पण डब्याचं झाकण माझाच हात उघडतो ना? या विचाराने डोकं नुसतं भणभणतं. अंगणात फेऱ्या मारते, पुन्हा येऊन बसते.

आता त्याने काय लिहायला सांगितलं, ते सांगते. "आई, तुझा शब्द ती मोडणार नाही. तिला लिही की डॉक्टर आजार म्हणतात. कॅन्सर झालेल्या नवऱ्याला कुणी सोडून जातं का? लिही, म्हणावं, परत ये." खोटं नव्हतं त्यात काही. मी लिहायला घेतलंही. पण प्रत्येक ओळीला मला तो सीरजानचा रस्ता दिसायला लागला. भर उन्हातली ती गाडी, आत तराने, आणि हा कुणाच्या तरी अंगणात पुडी घ्यायला गेलेला, तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला. त्या ट्रकवाल्याने काच फोडली नसती तर, माहरुख, आज मी हे पत्र कुणाला लिहिलं असतं? तू तिला छातीशी धरून आलीस. तिचे कपडे भरलेस आणि गेलीस. दार लावतानाही आवाज केला नाहीस.

म्हणून मी त्याचा मजकूर बाजूला टाकला आणि दुसराच लिहिला. दुपारी त्याला बोलावून वाचून दाखवला: परत येऊ नकोस. माझा मुलगा आजारी आहे हे खरं, पण त्याचं औषध होऊन राहणं हे तुझं काम नाही. तो ताडकन उठला. "तू माझी आई आहेस की तिची?" म्हणाला. चहाचा पेला भिंतीवर आपटला आणि निघून गेला. दार सताड उघडं. मी काचा वेचल्या, भात चढवला, उतरवला. गल्लीत जाऊन आले, पुन्हा गेले. मनात एकच, कुठल्या अंगणात गेला असेल?

दिवेलागणीला आला. मी डोळ्यांकडे बघितलं. बाहुल्या ठीक होत्या, डोळे रडून लाल झाले होते फक्त. माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "तुझंच पत्र पाठव. पण त्यात अजून एक गोष्ट लिही. माहरुखला मी सांगितलं होतं की गाडीची काच अडकली होती, खाली होईना. अडकली नव्हती. तराने मागून हाका मारत होती, बाबा, मीपण येते. ऐकू येऊ नये म्हणून काचा मीच वर केल्या, आणि दार बाहेरून लावलं. तेव्हा मी शुद्धीत होतो, आई. अजून घेतलं नव्हतं मी." पोरी, हे तुला कळावं म्हणून हे पत्र. हे वाचून तू यावंस असं तो म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पाकिटावर पत्ता त्याने स्वतःच्या हाताने लिहिलाय, आणि सकाळी टपालात तोच टाकणार आहे. टाकतो की नाही, हे बघायला मी त्याच्या मागे जाणार नाही.

तू कुठेही राहिलीस तरी तुझीच,
इशरत