आज गाडी काढू नकोस

सूनबाई,

आज गाडी घेऊन ऑफिसला जाऊ नकोस. काल छोटीला पोहण्याच्या क्लासहून आणताना पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेवर जोरात आदळलं. छोटीला खरचटलंसुद्धा नाही. घरी बोलू नकोस असं मीच तिला सांगितलं होतं, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

सकाळी उजेडात गुडघे टेकून सगळं पाहिलं. तेल गळलेलं नाही, पण रिम वाकली आहे आणि टायरला बाजूने लिंबाएवढा फुगवटा आलाय. तो रस्त्यात कधीही फुटेल. मेकॅनिकला किल्ली देऊन आलोय, अकरा वाजता तो गाडी नेईल.

खरं सांगू? फुटपाथ मला दिसलाच नाही. दोन महिने झाले, डाव्या डोळ्याने धूसर दिसतंय. तुम्ही गाडी बंद कराल म्हणून गप्प बसलो. पण काल मागे छोटी बसली होती गं.

बसने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चाललोय. गाडी दुरुस्त होऊन आली की किल्ली तुझ्याकडेच ठेव.

तपासताना डोळ्यांत औषध घालतात, मग बराच वेळ नीट दिसत नाही. एक वाजता मला न्यायला येशील? एरवी म्हणालो असतो, येईन माझा मी. आज नाही म्हणवत.

— बाबा