शुक्रासाठी भाजलेला हरभरा

सोमवार, संध्याकाळ

राधाचं तोंड बघायची इच्छाच न्हाई आज.

ग्रहांचं मॉडेल आमी दोघींनी केलं. पृथ्वी म्हणजे हरभरा, मंगळ ज्वारीचा दाणा, गुरू म्हणून संत्रं. शुक्र पृथ्वीएवढाच, पण सगळ्या ग्रहांत जास्त तापलेला. म्हणून चुलीवर हरभरा काळा होईस्तोवर भाजून मी शुक्राच्या जागी चिकटवला. सगळ्यात जास्त जीव माझा त्या दाण्यात होता.

हिंगोलीला प्रदर्शनात जाऊन बघते तर मॉडेलवर नाव एकटीचं, राधाचं. म्हणे, "सर म्हणले एकच नाव टाक." मग मला काल काहून न्हाई सांगितलं? काल तर माझ्याच घरी जेवली ती!

परीक्षक बाईंनी बराबर त्याच दाण्यावर बोट ठेवलं. "हा एकच काळा का गं?"

काल तीनदा समजावलं होतं तिला. विसरली. मी मागंच उभी होते, मला विचारायचं तरी. तर हसून म्हणते, "ते मीनानं चुकून खराब हरभरा लावला, मॅडम." आणि नखानं उपटून फेकला.

दाणा मी उचलून आणलाय. कंपासपेटीत आहे.

अख्ख्या प्रदर्शनात माझं नाव तेवढं एकदाच निघालं.