चरबीतला गुर्दा

अब्बा, आज सकाळी बाटलीच्या तळाशी बकऱ्याच्या गुर्द्याच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या, पेशी छान पसरलेल्या दिसल्या आणि राजारामपुरीतल्या आपल्या मटणाच्या दुकानात सुरी पुसत उभे असलेले तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं काम अजून तुमच्याच ओट्यापासून सुरू होतं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. विद्यापीठात मला पीएच.डी.ला विषय मिळालेला, गुर्द्याच्या पेशी आम्ल बाहेर कसं टाकतात. त्यासाठी त्या बाटलीत जगवायच्या. लेकीच्या शिक्षणाला लागतो म्हणून तुम्ही पहिल्या बकऱ्याचा गुर्दा बाजूला काढायचात, चरबी आणि पडदा सोलून, नळाखाली धुऊन चकचकीत करून द्यायचात. मी तो बर्फात घालून सायकल हाणत न्यायची. दोन दिवसांत बाटलीतलं पेशी पोसायचं गुलाबी पाणी पिवळं, गढूळ, पेशी खलास. तीन आठवडे हेच चाललं. शेवटी सर म्हणाले, "आता एकदाच करून बघा, नाहीतर विषय बदला." त्या संध्याकाळी मी भर गिऱ्हाइकांत तुमच्यावर ओरडले, "तुमच्या दुकानातनंच जंतू येत्यात!"

तुम्ही सुरी खाली ठेवलीत. जराही चिडला नाहीत.

"धुऊन देतोय ते लगेच शिजवायला, बाई. ठेवायचं मटण कोण धुतंय व्हय? चरबीतच असू दे की. पाणी लावायचंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी चरबीत गुंडाळलेला गुर्दा मी प्रयोगशाळेत नेऊन सोलला; नळाच्या पाण्यातले जंतू आत पोचलेच नव्हते. चौथ्या दिवशी पेशींनी काच धरली, जगल्या. मग इस्त्रीचा सदरा घालून तुम्ही बघायला आलात. तुम्ही सूक्ष्मदर्शकावर वाकलेले असताना सरांनी खुशीत विचारलं, "चरबीसकट आणायचं कुणाला सुचलं?"

"मला," मी म्हणाले.

तुम्ही मान वर केलीत. "व्हय, हुशारच हाय माझी पोरगी," म्हणालात आणि परत वाकलात.

दुकानाची लाज नव्हती हो, अब्बा. सरसुद्धा रविवारचं मटण आपल्याकडूनच न्यायचे. खाटकाची पोर असून मला एवढं कळलं नाही, त्याची लाज वाटली.

आता माझे विद्यार्थी विचारतात, ही रीत कुणाची? मी हसून वेळ मारून नेते. उद्या त्यांना खरं सांगायचं, हेच वाचून दाखवायचं, म्हणून लिहायला बसले होते. पण कागद खणातच राहील असं दिसतंय. तुम्ही सगळ्यांसमोर मला हुशार म्हणालात ते तेवढं एकदाच; खरं सांगितलं तर तेही हातचं जाईल, आणि ते सोडवत नाही.