कमी मापाचा पंख

३ ऑक्टोबर, रविवार
पंख आला. पॅराग्लायडिंग क्लबात सगळे विंग म्हणतात, मी पंखच म्हणणार. निळा, कडेला पिवळा. हॉलमध्ये उलगडला तर सोफ्यावरून थेट स्वयंपाकघरात पोचला. ही असती तर कुरकुरली असती, पण ही सध्या भावाकडे आहे. हवापालट. जाताना हिवाळ्याचे कपडे आणि शिलाई मशीन नेलं आहे, म्हणजे निवांत राहायचा विचार दिसतो.

निघताना म्हणाली, तू काही करत नाहीस, फक्त करणार असतोस. ठीक आहे. अठ्ठावीस नोव्हेंबरला क्लबचा कुटुंबमेळावा आहे. हिच्या डोळ्यांदेखत टेकडीवरून उडायचं. मी खाली उतरलो की ही घरी येईल.

पंखावर वजनाची मर्यादा छापलेली असते. माझ्या पंखावर सामानासकट सत्तर ते पंच्याऐंशी किलो. मी सामानाशिवायच नव्वद. आमच्या प्रशिक्षकांना सगळे कॅप्टन म्हणतात, कशाचे ते कोणी विचारलेलं नाही. त्यांनी लेबल पाहिलं आणि म्हणाले, काका, हा पंख तुमचा नाही. म्हटलं, अजून नाही. नोव्हेंबरमधल्या माझ्यासाठी घेतलाय.

६ ऑक्टोबर, बुधवार
आजपासून फक्त उकडलेलं. दुपारी माझ्या चष्म्याच्या दुकानात चक्कर आली. एका आजींचा चष्म्याचा नंबर काढत होतो. त्यांना खालची ओळ दिसेना, मलाही दिसेना. दोघांनी मिळून अंदाजाने वाचली.
पँट कंबरेत काचते. लाँड्रीवाला बदलणे. कपडे आटवतो.

१० ऑक्टोबर, रविवार
टेकडीवर वारा उत्तम. सगळे उडाले. क्लबचा नियम, जो उडत नाही त्याने जीप घेऊन खाली जायचं आणि उतरलेल्यांना गोळा करून वर आणायचं. आज मी. तात्पुरता. क्लबातले दातांचे डॉक्टर तासभर घारीसारखे फिरले. उतरल्यावर म्हणाले, गिअर मात्र तुम्ही सुरेख टाकता.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार
वजन वाढलं. काटा बिघडला असावा. बाथरूममधून गॅलरीत नेला, तिथे अर्धा किलो कमी भरलो. यापुढे गॅलरीतच.
समोरच्या औषधवाल्याच्या नातीचा वाढदिवस. केक. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या तुकड्यालाही तेच.
हिला फोन केला. मेहुण्याने उचलला. ताई शिवणाच्या क्लासवर शिकवायला गेलीय म्हणाला. म्हटलं, तिला सांगा, मी उडतोय. त्याने विचारलं, कुठे?

३१ ऑक्टोबर, रविवार
मैदानात सराव. पंख मागे पसरायचा, पळायचं, डोक्यावर आला की सांभाळायचा. आला. पण त्यानेच मला सांभाळलं. पार कुंपणाच्या झुडपापर्यंत. कॅप्टन म्हणाले, असल्या वाऱ्यात वजनाचा निदान उपयोग तरी होतो, तुमचं तिथेही कामाला येत नाही.
पँट मागे उसवली. सेफ्टी पिन लावली. ही आली की शिवेल.

१६ नोव्हेंबर, मंगळवार
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आई परत येणार नाहीये, तुम्हाला कळतंय ना? म्हटलं, अठ्ठावीसपर्यंत थांब. तिने ते मला दोनदा म्हणायला लावलं. नेटवर्क खराब असावं. मग विचारलं, नीट जेवता ना? म्हटलं, नाही, तोच तर प्लॅन आहे.
हिची उशी कपाटातून काढून पलंगावर ठेवली. येण्याआधी हवा लागलेली बरी.

२१ नोव्हेंबर, रविवार
मार्ग सापडला! हार्नेसच्या, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांच्या, पोटात संकटकाळासाठी एक छोटं पॅराशूट असतं. ते काढून माळ्यावर टाकलं. दोन किलो सुटले. हे आधी सुचलं असतं तर केक मोजून खावा लागला नसता.
कॅप्टननी हार्नेस हातात घेताच ओळखलं. ओरडले नाहीत. बाजूला नेऊन हळूच विचारलं, काका, तुम्हाला सुखरूप खाली यायचंय ना? म्हटलं, माझं सोडा, तिने घरी यायला हवं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून विंडसॉककडे पाहत राहिले. वाऱ्याचा अंदाज घेत असावेत.
पॅराशूट परत बसवून घेतलं. आठवड्यात सगळं उपाशीपोटी भरून काढणे.

२८ नोव्हेंबर, रविवार
ही आली. मुलीने आणली. बारीक झालीय, की मलाच तसं वाटलं.
उडायच्या जागेवर झाडाला काटा टांगलेला असतो. सगळं सामान अंगावर चढवून त्याला लटकायचं, मगच परवानगी. मी लटकलो. फांदी वाकली. कॅप्टननी आकडा मोठ्याने वाचला नाही. मनाने चांगला माणूस.
तोवर हिने पंखाचा काठ बोटांत धरला होता. आधी शिवण पाहिली, मग शिंप्याच्या सवयीने लेबल. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कायम कमी मापाचं घेतोस. तुझ्या पँटी मी दरवर्षी गुपचूप उसवून ढील देत आले. याला कुठून देऊ?"
मला वाटायचं, माझी कंबर लग्नापासून तेवढीच आहे.
कॅप्टननी हिला विचारलं, माझ्यासोबत जोडीने उडता का? ही हो म्हणाली. लगेच. मी जीप घेऊन खाली गेलो. उतरली तेव्हा केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. वाऱ्याचं. म्हणाली, वरून जीप एवढीशी दिसत होती, टपावर उभं राहून हात कोण हलवत होतं? म्हटलं, मी.

१२ डिसेंबर, रविवार
हिने क्लबात नाव घातलं. पंख हिला सामानासकट अगदी बेताचा बसतो. मागितला, दिला. आता पंख घरी म्हणजे हीसुद्धा घरीच, हे उघड आहे.
पंख हिने मेहुण्याकडे नेला.

१३ मार्च, रविवार
ही आज पहिल्यांदा एकटी उडाली. निळा, कडेला पिवळा. खालून फार सुंदर दिसतो. मला हे माहीत नव्हतं, मी तो फक्त आतून पाहिला होता.
जीपने वर नेताना ही पुढच्या सीटवर बसली. विचारलं, घरी कधी येतेस? म्हणाली, "घरी नाही रे. रविवारी येत जाईन इथे." मी गिअर बदलला. मग माझ्या कंबरेची सेफ्टी पिन दिसली तिला. म्हणाली, ती पँट दे, पुढच्या रविवारी ढील देऊन आणते.
दिली नाही. घरी येऊन आधी उसवून पाहिली. शिवणीच्या आत दोन्हीकडे दोराभरसुद्धा कापड उरलेलं नाही. होतं तेवढं तिने कधीच देऊन टाकलंय.
उद्या नवी पँट घेणे. आहे त्या मापाची.